हरकत कोणाची?

शुक्रवार, ९ ऑगस्ट १९६८

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, भुवया वर नेल्या आणि म्हणाले, "खांबेटे, मनात साठवत जाऊ नका. बोलून मोकळे व्हा." बोलून मोकळं व्हायला आमच्या घरात जागा आहे कुठे? कालिंदीपुढे तोंड उघडलं की माझंच वाक्य ती पुरं करते, आणि तेही माझ्या विरुद्ध. म्हणून ही वही. गेल्या वर्षी कलकत्ता पोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा निरोपात मिळालेली. जे डोक्यात जाईल ते इथे लिहायचं आणि मिटून ठेवायचं.

आज डोक्यात गेलेल्या गोष्टी दोन. पहिली, इथल्या कुमारटुलीचा मूर्तिकार, दुर्गापूजेच्या मूर्ती घडवणारा बंगाली. एकोणीस वर्षं मी मराठी स्नेहवर्धक मंडळाचा चिटणीस आहे आणि एकोणीस वर्षं त्याला सांगतोय की बाबा, आमचा गणपती एकटा येतो, त्याच्याबरोबर आई नको, बहिणी नकोत. तरी दर वर्षी विचारतो, "एकटाच?" जसा काही मी पोराला अनाथ करतोय.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे.

दुपारी मंडळाच्या कचेरीत बसलो होतो. दारात एक आफ्रिकन तरुण येऊन उभा राहिला. उंच इतका की चौकटीखाली वाकला. रंगाने काळाभोर. वाटलं, जहाजावरचा खलाशी असेल, पत्ता चुकला असेल. घामाने निथळत होता. इंग्रजीत म्हटलं, बसा. आपण माणुसकी सोडत नाही. श्यामसुंदरला पाणी आणायला सांगितलं. श्यामसुंदर आमचा रखवालदार, मूळचा कटकचा, पण वीस वर्षांत मराठी आमच्या पोरांपेक्षा बरी बोलायला लागलाय. तो स्टीलचा पेला भरून घेऊन आला. हे दोन डझन पेले मी वडिलांच्या स्मरणार्थ मंडळाला दिलेले, प्रत्येकावर त्यांचं नाव घातलेलं. मी हळूच मराठीत म्हटलं, "अरे, हा नको. बाहेरचा बिननावाचा आहे ना, तो आण. आणि मग निराळाच ठेव." मनात काही होतं असं नव्हे. सवय असते हाताला.

तो पाणी वरून प्यायला, पेला ओठाला न लावता. वळण चांगलं दिसलं. मग त्याने पेला खाली ठेवला, खिशातून एक पत्र काढलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, मी बाळू. नैरोबीच्या कमलताई ताम्हनकरांचा. खोली नंबर तीन तुम्ही मला दिली आहे."

मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. ळ आणि ण अगदी जागच्या जागी! त्या मराठीनेच इतका गांगरलो की पुढची पाच मिनिटं मला दुसरं काही सुचलं नाही.

पत्र माझंच होतं. मंडळाचा शिक्का, खाली माझी लफ्फेदार सही. झालं असं की जूनमध्ये या कमलताईंचं पत्र आलं. मूळच्या रत्नागिरीकडच्या, यजमान तिकडे रेल्वेत. अक्षर मोत्यासारखं. 'आमचा बाळू कलकत्त्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या हाताखाली वाढला. निर्व्यसनी आहे, संध्याकाळी दिवा लागला की परवचा चुकवत नाही. आपल्या माणसांत राहिला तर मला घोर राहणार नाही.' आता असं पत्र आल्यावर कोण विचारील की बाळू कुठल्या रंगाचा? आमच्या वरच्या मजल्यावर बाहेरगावच्या मराठी माणसांसाठी चार खोल्या आहेत. दहा ऑगस्टपासून एक वर्षासाठी तीन नंबर राखून ठेवली, तसं कळवलं.

खरं नाव जोसेफ वाफुला. आई ताम्हनकरांकडे कामाला होती. आधीच्या घरमालकाने इतर भाडेकरूंच्या तक्रारीवरून याला काढलं. एकतीस ऑगस्टपर्यंत राहण्याचा पक्का पत्ता परदेशी लोकांच्या नोंदणीत घातला नाही, तर शिष्यवृत्ती बंद आणि परत जायचं. शेवटचं वर्ष तसंच सोडून.

मी म्हटलं, खोलीला रंग द्यायचा आहे, थोडे दिवस लागतील.

तो म्हणाला, "बरं, काका." खिदिरपूरला खलाशांच्या वसतिगृहात त्याला महिनाअखेरपर्यंत कॉट मिळते म्हणे.

रविवार, ११ ऑगस्ट

दोन दिवस झोप नीट नाही. जन्मात खोटं बोललो नाही आणि परवा बोललो. खोलीला रंग द्यायचा कुठे होता? गेल्या दिवाळीतच दिला होता.

आज उपाय सापडला. रंगाऱ्याला बोलावून खोली नंबर तीन रंगवायला काढली. आता मी बोललो ते खरं झालं. संध्या केली तेव्हा मन स्वच्छ होतं.

कालिंदीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "छान. आणि रंग वाळला की काय करणार?"

"मग बघू."

"मग काय, फरशी काढा. त्यानंतर छप्पर. तोवर पोरगा केनियात पोचेल."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

अध्यक्षांकडे गेलो. श्यामराव मोकाशी, बँकेचे मोठे मॅनेजर, दोन वर्षांपूर्वी मुंबईहून बदलून आलेले. माणूस सुशिक्षित, सुधारक. एप्रिलमध्ये अमेरिकेत डॉ. किंग यांचा खून झाला तेव्हा मंडळात शोकसभा घ्यायची कल्पना यांचीच. ठराव मी लिहिला होता: 'वर्णद्वेषाच्या अमानुष वृत्तीचा हे मंडळ तीव्र निषेध करीत आहे.' त्याची इंग्रजी प्रत वकिलातीला धाडली, आभाराचं छापील कार्ड आलं. ते मी काचेत घालून कचेरीत लावलंय. शुक्रवारी बाळू नेमका त्याच्याच खाली बसला होता.

मोकाशी म्हणाले, "दत्तोपंत, मला व्यक्तिशः काहीही नाही. पण गणपतीचे दिवस. बायका येणार, हळदीकुंकू, वर-खाली चालू. त्यांना चालेल का? तुम्ही प्रेमलताबाईंना विचारा. त्यांचं हो असेल तर माझं हो."

मला पटलं. मलाही व्यक्तिशः काहीच नाही. मी तर पहिल्या दिवशी बसवून पाणी दिलं. पण संस्था म्हणजे चार माणसं, चौघांचं मन बघावं लागतं.

घरी चार पुडांचा डबा सापडत नाही. कालिंदी म्हणाली, "असेल कुठे तरी, त्याला काय पाय फुटलेत?" पोळ्याही हल्ली दोन-दोन कमी पडतात. पीठ मात्र लवकर संपतं.

रविवार, १८ ऑगस्ट

बस बदलून गार्डन रीचला गेलो. प्रेमलताबाई जठार रेल्वेच्या कॉलनीत राहतात. महिला शाखा त्यांच्या हातात, आणि महिला शाखेच्या हातात आम्ही सगळे. कोथिंबिरीची वडी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मला मेलीला काय करायचंय! राहीना का बिचारा. पण दत्तोपंत, वर खोल्या आणि खाली देव. गुरुजींचं सोवळं कडक. ते पूजेला बसायचे नाहीत, मग आयत्या वेळी भटजी कुठून आणू? त्यांचं विचारा."

म्हणजे यांनाही व्यक्तिशः काही नाही.

परतताना बसमध्ये विचार करत होतो. कोणालाच काही नाही, तरी काही तरी आहे. ते नेमकं कोणापाशी आहे हे कळलं की त्या माणसाला समजावता येईल. मी समजावण्यात कमी नाही.

घरी येऊन हे कालिंदीला सांगितलं. वाटलं, म्हणेल, किती हिंडताय त्या मुलासाठी. ती म्हणाली, "आपल्या पोरीला, उज्ज्वलेला, नागपूरच्या स्थळाने रंगावरून नाकारलं, त्यांनी काय लिहिलं होतं आठवतं?"

आठवतं. 'आमची काही हरकत नाही, पण मुलाच्या आत्याला सावळी चालणार नाही.' मी तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो. त्या आत्येला शिव्या दिल्या होत्या मनातल्या मनात.

"आत्या होती का तरी खरंच?" कालिंदीने विचारलं.

त्याचा इथे काय संबंध, हे मला कळलं नाही. बायका कुठलं कुठे नेतात.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतंय. पण डॉक्टरांनी सांगितलंय.

आठल्ये गुरुजी, म्हणजे भालचंद्र आठल्ये, अकरा महिने वीस दिवस खिदिरपूरला कस्टममध्ये कारकून आणि गणपतीचे दहा दिवस आमचे गुरुजी. कँटीनमध्ये गाठलं. त्यांनी चहा मागवला. मी प्रश्न मांडला, अगदी शांतपणे, दोन्ही बाजू सांगून.

गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. "दत्तोपंत, वरच्या मजल्यावर कोणाला खोली द्यावी यावर शास्त्र काही बोलत नाही. दारात आलेल्या अतिथीबद्दल बोलतं, ते तुम्हाला माझ्याहून पाठ आहे. मी इथे रोज साऱ्या जगाच्या खलाशांचे कागद हाताळतो, त्याच हातांनी पूजा करतो. माझी कसली हरकत?"

"मग मोकाशी आणि जठारबाई असं का म्हणाले?"

गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली. "राग मानू नका. सगळ्यांच्या कानावर एकच आहे. हरकत तुमची आहे."

"माझी?"

"त्याला तुम्ही बिननावाच्या पेल्यात पाणी दिलंत आणि तो निराळा ठेवायला लावलात, हे श्यामसुंदरने सांगितलं. चहाडी म्हणून नाही. त्याला कळेना, पेला आत घ्यायचा की नाही, म्हणून त्याने मोकाश्यांना विचारलं. मोकाशी जठारबाईंना बोलले, त्या मला. सगळे म्हणाले, दत्तोपंत जुन्या वळणाचे, एकोणीस वर्षं मंडळासाठी झिजलेत, त्यांना चालणार नाही. त्यांचं मन कोण मोडणार?"

मी म्हणालो, "पण मी कधी तोंडाने..."

"नाही. तोंडाने कोणीच काही म्हणालं नाही."

चहा गार झाला. ट्रामने घरी आलो आणि जेवलो नाही. कालिंदीने विचारलं नाही, म्हणजे तिला माहीत असणार.

बुधवार, २१ ऑगस्ट

सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. नऊ तारखेचं पान तीनदा वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. 'मनात काही होतं असं नव्हे.' मग 'हळूच' कशाला बोललो?

आणि एक गोष्ट मी लिहून गेलो पण मला दिसली नव्हती. मी मराठीत बोललो. त्याला मराठी येते. तो समोर तीन हातांवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं, मग ते पाणी प्यायला, ओठाला पेला न लावता, आणि त्यानंतर मला 'काका' म्हणाला. आणि मी लिहिलं काय, तर वळण चांगलं दिसलं!

लाज वाटली. असं लिहायची मला सवय नाही, पण वाटली. आपण हसे लोकांला आणि शेंबूड आपल्या नाकाला. नागपूरच्या त्या आत्येला इतकी वर्षं शिव्या घातल्या, ती आत्या मीच की.

गुरुवार, २२ ऑगस्ट

खिदिरपूरला गेलो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात एका बाकावर बाळू पुस्तक घेऊन बसला होता. शेजारी चार पुडांचा डबा. झाकणावर 'सौ. कालिंदी' असं नाव घातलेलं.

"काकू मंगळवारी आणि शनिवारी येतात," तो ओशाळून म्हणाला. "इथल्या बाजारात नारळ चांगले मिळतात म्हणे."

नारळ! गेल्या आठवड्यात घरात सात नारळ झाले होते. मी म्हणत होतो, मोदकांना अवकाश आहे, एवढे कशाला?

मी आडवळणाने बोलणार होतो, पण त्या डब्याकडे बघून सगळं विसरलो. म्हटलं, "त्या दिवशी पेल्याचं मी बोललो, ते तू ऐकलंस."

"हो."

"मग काही बोलला का नाहीस?"

"काका, मला खोली हवी होती."

त्याने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "कमलआईकडेही माझा कप निराळा होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मागच्या पडवीत असायचा. मला तिने पाढे शिकवले, स्वतःच्या मुलांच्या पंगतीला बसवून परवचा म्हणवून घेतला, ताप आला तर उशाशी बसली. पण कप निराळा. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा तो फुटला."

"फुटला?"

"मी फोडला. पायरीवर आपटला. तिला सांगितलं, निसटला. ती त्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली. मग झाडून टाकले. त्यानंतर निराळा कप आणला नाही. तिने कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय."

मी म्हटलं, "बाळू, माझं चुकलं." साठीला आलेल्या माणसाला ही दोन शब्दांची चळत किती जड जाते, ते माझं मला माहीत. "राग आला असेल."

"आला होता. अजून आहे थोडा." मग हसला. दात पांढरेशुभ्र. "खोली मिळाली की जाईल."

निघताना न राहवून विचारलं, परवचा खरंच येतो का? त्याने पावकी, निमकी, पाऊणकी धडाधड म्हणून दाखवली. दोन खलाशी थांबून ऐकत राहिले. आमच्या उज्ज्वलेला बाराचा पाढा येत नाही, आणि कलकत्त्यात वाढल्यामुळे ती अजून बंगाल्यांसारखं 'पाणी खाल्लं' म्हणते.

रिकामा डबा मीच घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. कालिंदी डब्याकडे बघून म्हणाली, "सापडला वाटतं." मी म्हटलं, "हो, पाय फुटले होते त्याला." दोन आठवड्यांनी पोटभर जेवलो.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

मी चिटणीस आहे, खोल्या देणं माझ्या अधिकारात आहे. गुपचूप किल्ली देऊन मोकळा झालो असतो. पण मग उद्या जिन्यात कुजबूज होणार, 'लोकांना आवडलं नाही हो,' आणि ते त्या मुलाला ऐकू जाणार, कारण त्याला मराठी येते. म्हणून मंडळाच्या फळ्यावर सूचना लावली:

'श्री. जोसेफ वाफुला ऊर्फ बाळू, नैरोबी, यांस खोली क्र. ३ देण्याचे मंडळाने लेखी कळवले आहे. कोणाची हरकत असल्यास खालील कागदावर स्वतःच्या नावाने व सहीने लिहावी. "लोकांची", "बायकांची" किंवा "इतरांची" हरकत स्वीकारली जाणार नाही. मुदत सोमवार, संध्याकाळी सहा.'

खाली कोरा कागद टाचला. पेन दोऱ्याने बांधलं. मग पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो आणि पहिली ओळ मीच लिहिली:

'१. द. वि. खांबेटे, चिटणीस. हरकत होती. ९ ऑगस्टला पाण्याचा पेला निराळा ठेवायला मीच सांगितला. मागे घेतो.'

सही नेहमीसारखी लफ्फेदार आली नाही.

श्यामसुंदर मागून वाचत होता. म्हणाला, "साहेब, मग तो पेला आता आत घेऊ?"

"घे बाबा, घे."

सोमवार, २६ ऑगस्ट. हरतालिका

शनिवारी फळ्याकडे गेलोच नाही. काल लांबून बघितलं, कागदावर काही तरी लिहिलेलं दिसत होतं. गोळी घेतली आणि परत आलो. आपण होऊन लोकांना हरकती लिहायला सांगितलं, आता भोगा!

आज सहाला जावंच लागलं. उज्ज्वलेला बरोबर नेलं. तिनेच मोठ्याने वाचलं.

'२. श्यामराव मोकाशी. माझीही होती. बायकांच्या नावावर टाकली. मागे घेतो.'

'३. प्रेमलता जठार. मेली माझीही. गुरुजींवर ढकलली. मागे.'

त्याखाली आणखी चार नावं. कोणी नुसतं 'मागे' लिहिलंय, कोणी मोठा खुलासा केलाय. एकाने लिहिलंय, 'हरकत नव्हती, पण कोणी विचारलं असतं तर आहे म्हणालो असतो.' मी चष्मा काढून पुसला.

आठवी ओळ निराळी आहे. 'श्यामकांत नेने. हरकत आहे आणि राहील. सभासदत्वाचा राजीनामा सोबत.' कागद खरंच टाचलेला होता. नेने मंडळाचे जुने सभासद, दर वर्षी उकडीच्या मोदकांचं सारण त्यांच्या घरून येतं. वाईट वाटलं. पण त्यांनी निदान स्वतःच्या नावाने लिहिलं. राजीनामा स्वीकारीन, आणि प्रसादाचं ताट मात्र त्यांच्या घरी नेहमीप्रमाणे जाईल. घ्यायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

"बाबा, तुम्ही रडताय?" उज्ज्वला.

"रंगाचा वास झोंबतोय," मी म्हटलं. खोली खरंच वरती रंगवून ठेवलेली. तेवढं एक खोटं बरोबर वेळेवर खरं झालं.

बाळू साडेसातला आला. एक ट्रंक, एक पुस्तकांची पेटी, भिंतीवर लावायला लाकडी क्रूस. क्रूस लावायला खिळा श्यामसुंदरने ठोकला. नव्या रंगाचा ढलपा निघाला त्याबद्दल मी काही बोललो नाही.

मंगळवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

मूर्ती एकटीच आली. टेंपोतून उतरवताना बाळू पुढे होता, उंचीमुळे सगळा भार त्याच्याकडे. आठल्ये गुरुजींनी दोन वाजता पूजा सांगितली. आरतीला आमची पोरं ओठ हलवत होती आणि बाळू तिन्ही कडवी खणखणीत म्हणत होता. प्रेमलताबाई मागे वळून पोरांवर डोळे वटारत होत्या.

मोकाशी माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "दत्तोपंत, तो एप्रिलचा ठराव." मी म्हटलं, "हं." ते म्हणाले, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान." मी पुढचं म्हणालो नाही. आम्हा दोघांनाही ते पाठ आहे.

नेन्यांकडून ताट भरलेलं परत आलं नाही. रिकामं, धुतलेलं आलं. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, पण आलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

सकाळी बाळूबरोबर नोंदणीच्या कचेरीत गेलो. दोन तास रांग. अधिकाऱ्याने मी दिलेला पत्त्याचा दाखला वाचला, बाळूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी म्हटलं, "आमच्या मंडळाचे सभासद." मग वाटलं, हेही आडवळणच झालं. म्हटलं, "पुतण्या समजा." अधिकारी चष्म्यावरून बघत राहिला. पण शिक्का मारला. पत्ता पक्का, शिष्यवृत्ती कायम. रस्त्यावर आल्यावर बाळूने कागद छातीशी धरला आणि एवढा मोठा श्वास सोडला की शेजारचा फुगेवाला दचकला.

वाटेत डॉक्टरांकडे डोकावलो. रक्तदाब बराच उतरलाय. म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, "बोललो."

उन्हातून मंडळात पोचलो. श्यामसुंदरने ट्रेमध्ये दोन पेले आणले. एक वडिलांच्या नावाचा, एक बिननावाचा. आता सगळे एकाच फळीवर असतात, हाताला येईल तो तो भरतो. बाळूचा हात सवयीने बिननावाच्या पेल्याकडे गेला. मी आधी उचलला. पाण्याला काही निराळी चव नव्हती.

बाळूने उरलेला पेला घेतला. त्याच्यावरची अक्षरं बोट फिरवून वाचली, 'कै. विनायक हरी खांबेटे'. मग माझ्याकडे बघत तो सरळ ओठांना लावला आणि घटाघट रिकामा केला.

"काका, अजून एक मिळेल?" तो म्हणाला.